बोटांनी मोजलेला आवाज

सकाळी साडेनऊच्या सुमारास मांदाडे बाईंच्या प्रयोगशाळेत कोणी आले, तर त्याला दारातच थांबावे लागे. आत बाई लाकडी स्टुलावर ताठ बसलेल्या असत. डाव्या हातात चावीचे एक जुने मनगटी घड्याळ असे. ते त्या डाव्या कानाला टेकवत, डोळे मिटत आणि मग हात हळूहळू कानापासून दूर नेऊ लागत. घड्याळाची टिकटिक ऐकू येईनाशी झाली की हात थांबे. कान आणि घड्याळ यांमधले अंतर त्या उजव्या हाताची बोटे आडवी लावून मोजत. चार, आठ, बारा. मोजणी पुरी झाली की वहीत तारीख घालून आकडा लिहीत आणि मगच मान वर करून म्हणत, "या सर. आता बोला."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले, त्या दिवशीचा आकडा सव्वीस होता.

बोटांनी मोजण्याची ही रीत त्यांनी माहेराहून आणली होती. सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या गावी, मासेमारांच्या घरात त्यांचा जन्म झाला. तिथे जाळ्याचा डोळा बोटांनीच मोजतात. दोन बोटी जाळे, तीन बोटी जाळे असे म्हणतात. शिक्षकाच्या खोडीने मी एकदा विचारले होते, "बाई, फूटपट्टी का वापरत नाही?"

"फूटपट्टी हरवते, सर. बोटं हरवत नाईत."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. शाळेच्या मागे दोन खोल्या रिकाम्या होत्या. नागपूरच्या एका संशोधन प्रकल्पाने त्या घेतल्या, आणि शाळांमध्ये ओळख आहे म्हणून सुटीच्या दिवसांत मला बाईंबरोबर फिरण्याचे काम मिळाले. बाई तिथल्या तंत्रज्ञ. रक्त काढणे, ते यंत्रात फिरवून त्यातल्या पेशी वेगळ्या करणे आणि नागपूरला पाठवणे हे त्यांचे काम.

प्रकल्पाचा विषय थोडक्यात सांगतो, कारण बाईंचे आयुष्य त्याच्याशी बांधलेले होते. गालगुंड हा मुलांचा नेहमीचा आजार. गाल सुजतात, ताप येतो, आठवड्याभरात मूल खेळायला लागते. पण फार थोड्या मुलांत तो विषाणू आतल्या कानापर्यंत पोचतो आणि एक कान कायमचा जातो. दुखत नाही, खुपत नाही. दुसरा कान चांगला असल्याने घरच्यांना कळतही नाही. हे त्याच मुलाला का व्हावे? विषाणूने कान मारला, की विषाणूला मारायला आलेल्या आपल्याच पेशींनी? उत्तर शोधायचे तर रक्तातल्या पेशी जिवंत हाती लागल्या पाहिजेत.

"पेशी म्हंजे घरी आलेला पाहुना हाय," बाई प्रत्येक नव्या माणसाला सांगत. "पाहुन्याले बर्फावर बसवते का कोनी? बसवलं तं तो बोलन का?"

लोकांना हे पटत नसे. रक्त म्हटले की ते बर्फातच न्यायचे, असा सर्वांचा समज. पण जिवंत पेशींची परीक्षा घ्यायची असेल तर त्यांना खोलीइतकीच ऊब लागते. म्हणून बाईंच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फाऐवजी साध्या पाण्याच्या पिशव्या असत. बाहेरच्या उन्हाचा किंवा थंडीचा धक्का त्या पिशव्या स्वतः सोसत.

बाईंचा स्वतःचा उजवा कान आठव्या वर्षी गालगुंडाने गेला होता. "माहा उजवा कान म्हंजे माजरीकडची बंद कोयशाची खान हाय, सर," त्या हसून सांगत. "वरून गवत उगवलं, आत अंधार." बसताना त्या नेहमी सगळ्यांना डाव्या हाताला घेत. कोणी चुकून उजवीकडे बसले तर म्हणत, "तिकडं बसून काय भिंतीशी बोलता?"

त्या कानाची त्यांना भीती नव्हती. भीती होती डाव्याची. लहानपणी एक कान गेलेल्या माणसाचा दुसरा, अगदी निरोगी कान तीस-चाळीस वर्षांनी बिघडू लागावा, असा एक विरळा आजार आहे. आतल्या कानातल्या पाण्याचा दाब वाढतो. कानात घोंघावते, जमीन फिरते, उलट्या होतात. काही तासांनी झटका ओसरतो. पण जाताना थोडे ऐकणे घेऊन जातो. असे का होते, हे नीट कळलेले नाही. पहिल्या लढाईत कान ओळखायला शिकलेल्या पेशी पुढे दुसऱ्या कानालाच शत्रू समजू लागतात, असा एक संशय आहे. "संशय हाय. सिद्ध झालं नाई," हे वाक्य बाई कधी गाळत नसत. माझी ओळख होण्यापूर्वी त्यांना असे दोन झटके येऊन गेले होते. प्रकल्पाच्या यादीत तंत्रज्ञ म्हणून त्यांचे नाव होते, आणि रुग्ण म्हणूनही होते. रोज सकाळच्या घड्याळाचा अर्थ मला कळला, त्यानंतर मी दारात उभा असताना श्वासही जपून घेऊ लागलो.

एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही गेलो होतो, तो दिवस मला स्पष्ट आठवतो. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी. पंधरा दिवसांपूर्वी तिला गालगुंड होऊन गेले होते. "अलीकडे फार हट्टी झाली आहे, सांगितलेले ऐकत नाही," असे तिच्या शिक्षकांनी सांगितले. बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या. सोबतच्या आरोग्यसेविकेने मुलीच्या कानाला हात लावून 'केवी' हा गोंडी शब्द उच्चारला, म्हणजे कान, आणि टिकटिक ऐकू येते का ते विचारले. उजवीकडे घड्याळ धरले, मुलीने मान हलवली. डावीकडे धरले, पुन्हा हलवली. मी तपासणीच्या कागदावर दोन्हीकडे बरोबरची खूण करणार, तोच बाईंनी मला थांबवले. नखाने घड्याळाची चावी बाहेर ओढून त्यांनी काटा बंद केला आणि ते मुके घड्याळ तिच्या डाव्या कानाशी धरले.

मुलीने मान हलवली.

बाई जमिनीवर बसल्या आणि तिचा चेहरा त्यांनी ओंजळीत घेतला. "भेऊ नको, माय. मी बी अशीच मान हालवत होती." मुलीला ती भाषा किती कळली कोण जाणे, पण ती रडू लागली.

परतताना जीपमध्ये बाईंनी चावी आत दाबून घड्याळ पुन्हा चालू केले. मग म्हणाल्या, "ज्याले ऐकू येत नाई ना सर, तो सगळ्यायले हो म्हनते. नाई म्हनाले पयले प्रश्न ऐकू यावा लागते. मी दोन वर्सं वर्गात हो म्हनत बसली. गुरुजी इचारे, समजलं का? मी मान हालवो. मग उत्तर नाई आलं का छडी. ते मान हालवनं आंगातच बसलं. आता बी घाबरली का मान आपोआप हालते."

तीस वर्षांत माझ्या वर्गांतून किती माना अशा हलल्या असतील, याचा हिशेब मी त्या रस्त्यावर करून पाहिला. तो लागला नाही.

बाई कोणत्या भीतीत राहत होत्या हे मला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात एका नाल्याच्या काठी समजले. एका गावाहून नमुना घेऊन परतताना जीप वाळूत रुतली. चालक ती काढण्याच्या खटपटीत होता. नमुन्याला उशीर नको म्हणून आम्ही दोघे पेटी घेऊन डांबरी रस्त्याकडे पायवाटेने निघालो. सकाळचे दहा वाजले असतील. मोहाच्या झाडावर एक वानर खाकरले. लगेच दुसरे. मग चितळाची ती टोकदार हाक. या भागात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आवाज आमच्या डाव्या हाताला, बांबूच्या रांजीतून, म्हणजे दाट बेटातून, येत होता. मी तिकडे वळलो. पाहतो तो बाई पेटी छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरत होत्या.

"कोन्या बाजूनं, सर?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. वर्गात मी दर वर्षी शिकवत असे, की आवाज एका कानाला किंचित आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो. त्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एकाच कानाच्या माणसाला आवाज येतो, दिशा येत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहिले होते. त्याचा अर्थ त्या पायवाटेवर पाहिला. मी बांबूकडे बोट दाखवले. बाई माझ्या मागे आल्या, आणि आम्ही तोंड तिकडे ठेवून पावलापावलाने मागे सरलो. चालकाने जीपचा भोंगा वाजवला, वानरे शांत झाली. वाघ आम्हाला दिसला नाही.

जीपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, "फार घाबरलात बाई."

"तुमाले वाघ एका बाजूनं येत होता, सर," त्या म्हणाल्या. पेटी अजून त्यांच्या छातीशीच होती. "मले तो चारी बाजूनं येऊन राह्यला होता. अन् हा डावा कान गेला, तं मंग येते का नाई हे बी समजनार नाई."

आता सदाशिवभाऊ. बाईंचे हे थोरले भाऊ उंच, काळेसावळे आणि मोठ्याने बोलणारे होते. आठवड्यातून एकदा मोटारसायकलला मागे बर्फाची पेटी बांधून ते मासोळी विकायला बाजाराला येत आणि बहिणीसाठी एखादी मरळ प्रयोगशाळेच्या ओसरीवर ठेवत. आत यायला त्यांना संकोच वाटे. दारातूनच ते गोल फिरणाऱ्या यंत्राकडे बघत.

"शकू, तुह्या मशिनीत मासोळी फिरवली तं काटे अलग निघतीन का वं?"

"पयले तुही अक्कल फिरवून पायते, दादा. काई निघाली तं मंग मासोळी."

त्या यंत्रात समोरासमोरच्या नळ्या सारख्या वजनाच्या भरल्या नाहीत तर ते डगमगते आणि नळ्या फुटतात. बाई ते नुसत्या आवाजावरून ओळखत. माझ्याशी बोलता बोलता एकदम म्हणत, "जड-हलकं झालं," आणि बटण बंद करत. उघडून पाहावे तर खरोखर एखाद्या नळीत चार थेंब कमी असत.

एके दिवशी सदाशिवभाऊंनी मला विचारले, "सर, व्यापारी बर्फावर खडे मीठ काऊन टाकते?" प्रश्न माझ्या आवडीचा होता. मी शाळेतून तापमापी आणली, वाटीत बर्फ घेतला, वर मीठ टाकले आणि पारा शून्याच्याही खाली उतरताना त्यांना दाखवला. भाऊ लहान मुलासारखे खूश झाले.

"म्हंजे जे लय मोलाचं, त्याले मीठ-बर्फ."

"अगदी बरोबर," मी म्हणालो होतो.

वैशाखात त्यांच्या गावचा तलाव आटत येतो. ठरलेल्या दिवशी सगळे गाव मिळून शेवटची मासोळी धरते. बाई त्या दिवसाला दर वर्षी जात. त्या वर्षीही गेल्या. पुढचे मी पाहिलेले नाही; सदाशिवभाऊंनी सांगितले तसे लिहितो.

सकाळी आठच्या सुमारास तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभ्या असलेल्या बाई एकदम खाली बसल्या. त्यांनी डाव्या कानावर हात दाबला, आणि उलट्या सुरू झाल्या. नागपूरच्या प्रकल्पाच्या डॉक्टर मॅडमनी आधीच बजावून ठेवले होते, की झटका आला तर आधी रक्त काढायचे, मग औषध. औषध पेशींना शांत करते. त्यानंतरच्या रक्तात काही दिसत नाही. आणि ते दिसणे फार गरजेचे होते. पेशीच कानावर उलटल्या आहेत असे ठरले, तर त्यांना दीर्घकाळ दाबून ठेवणारे जबर औषध देता आले असते. पुराव्याशिवाय ते देणे धोक्याचे, कारण तरुणपणी बाईंना क्षय होऊन गेला होता. तो दबलेला आजार अशा औषधाने पुन्हा उठू शकतो. बाईंच्या पिशवीत नळ्या आणि छोटी पेटी कायम तयार असत.

जवळच्या दवाखान्यात परिचारिकेने रक्त काढले. नागपूरची गाडी धरायला सदाशिवभाऊ सज्ज होते. नळ्या ठेवण्यासाठी त्यांनी खाटेजवळ पेटी उघडली आणि आतल्या पिशव्यांना हात लावला. बाहेर ऊन भाजत होते. पाणी कोमट लागले. घाईत कोणीतरी बर्फ भरायला विसरले, असे त्यांना वाटले. ते बहिणीच्या कानाशी वाकले.

"शकू, हे तं गरम हाय वं. बर्फ टाकू का?"

बाईंचे डोळे मिटलेले होते. कानात तलावाचे तूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, फुटल्यासारखे पाणी गर्जत होते, असे त्यांनी मला नंतर सांगितले. गालावर भावाचा श्वास लागला, म्हणजे त्याने काहीतरी विचारले, एवढे त्यांना कळले.

त्यांनी मान हलवली.

भाऊंनी पिशव्या फेकल्या. व्यापाऱ्याकडून बर्फ घेतला, फोडला, वर दोन मुठी खडे मीठ टाकले, नळ्या अगदी मधोमध ठेवल्या आणि पेटी मांडीवर घेऊन ते नागपूरपर्यंत बसून गेले. वाटेत पाणीही प्यायले नाहीत, कारण हात सोडावा लागला असता. डॉक्टर मॅडमनी पेटी उघडली तेव्हा रक्ताचा दगड झाला होता. तो वितळल्यावर नळीत नुसते लाल पाणी उरले. गोठताना प्रत्येक पेशी फुटली होती. नुसत्या बर्फातून कदाचित काही वाचल्याही असत्या. मिठामुळे एकही वाचली नाही.

मीठ कोणी शिकवले होते, हे भाऊंनी कोणालाच सांगितले नाही. मी स्वतः बाईंना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमी बरोबरच शिकवलं होतं, सर."

स्टेरॉइडच्या थोड्या दिवसांच्या मात्रेने काही ऐकणे परत आले. वहीत आकडा पडला: पंधरा. जबर औषधाचा निर्णय मात्र पुढच्या नमुन्यावर ढकलला गेला, आणि पुढचा नमुना म्हणजे पुढचा झटका.

"आता पाहा कसं हाय, सर," बाई घड्याळाला चावी देत म्हणाल्या. "झटका येऊ नाई असं बी वाटते. अन् नाई आला तं पुरावा नाई, पुरावा नाई तं औषध नाई. म्हंजे मी ज्याले भेते, त्याचीच वाट पाहून राह्यली."

पंधरा. चौदा. चौदा. अकरा. त्या महिन्यांत मी सकाळी दारात उभा राहून त्यांची बोटे मोजत असे, आणि त्यांनी वहीत लिहिण्याआधी आकडा मला ठाऊक असे. याच काळात त्यांनी एक नवी सवय लावून घेतली. यंत्र सुरू झाले की त्या झाकणावर तळहात ठेवून डोळे मिटत. मुद्दाम एखाद्या नळीत कमी पाणी भरत, आवाज ऐकत, हाताखालची थरथर अनुभवत, आणि यंत्र थांबवून पुन्हा तेच करत. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "कान हाय तवर हाताले शिकवून ठेवते."

सदाशिवभाऊ येत, पण थट्टा करत नसत. मोटारसायकलवरची बर्फाची पेटी दिसेनाशी झाली होती. बहिणीसाठी ते आता मरळ जिवंत आणत, पाण्याच्या बादलीत.

भाताची रोवणी चालू असताना, भर दुपारी, प्रयोगशाळेतच पुढचा झटका आला. मी तपासायच्या मुलांची यादी वाचून दाखवत होतो. एका नावाशी बाईंनी हात वर केला, खुर्ची भिंतीला टेकवली आणि बाही मागे सारली. तोंड पांढरे पडले होते. आमच्याकडच्या नव्या तंत्रज्ञ मुलीने, वैशालीने, रक्त काढले. औषधाची सुई तयार होती. बाईंनी नळ्यांकडे बोट दाखवले: आधी त्या पेटीत. पेटी बाजारासाठी आलेल्या भाऊंनीच नेली. त्यांनी ती वाटेत उघडली नाही. नमुना नागपूरला जिवंत पोचला.

औषध सुरू झाले, पण या वेळी काहीच परत आले नाही. आठवड्यानंतरही घड्याळ कानाला टेकवलेलेच राहिले.

अहवाल तीन आठवड्यांनी आला. मी तो बाईंच्या शेजारी बसून वाचला. कानातल्या प्रथिनाला बाईंच्या पेशींनी जोरदार प्रतिसाद दिला होता. डॉक्टर मॅडमनी सोबत लिहिले होते, की एका नमुन्यावरून खात्रीने काही म्हणता येत नाही. मात्र वैशाखातल्या नमुन्यात हेच दिसले असते तर औषध लगेच सुरू केले असते. कान वाचला असता का, याचे उत्तर 'कदाचित' असे होते. आता गेलेले ऐकणे औषधाने येणार नव्हते. शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसवता येईल का, यासाठी तपासण्या करायच्या होत्या.

भाऊ ओसरीवर बादली घेऊन उभे होते. आत यायचे धाडस त्यांना होत नव्हते. बाई कागद घेऊन बाहेर गेल्या. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने त्या जरा जास्तच मोठ्याने बोलल्या.

"दादा, पेशी गप होत्या. त्या दिशी औषध देलं असतं तरी काई उपेग नव्हता. तुह्या बर्फानं काई बिघडलं नाई."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. इंग्रजी त्यांना येत नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"सर, खरं हाय ना हे?"

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. आयुष्यभर मी मुलांना सांगत आलो, की निरीक्षण जसे असेल तसेच लिहावे. प्रश्न मला स्वच्छ ऐकू आला होता.

मी मान हलवली.

भाऊ बादलीशेजारी खाली बसले. किती तरी वेळ त्यांनी तोंडावरून उपरणे काढले नाही.

त्यानंतर मी निवृत्त झालो आणि चंद्रपूरला मुलाकडे राहायला जायचे ठरले. निरोप घ्यायला एका सकाळी मी प्रयोगशाळेत गेलो. साडेनऊ वाजले होते. सवयीने दारात थांबलो. बाई स्टुलावर बसलेल्या होत्या. घड्याळ कानाला टेकलेले, डोळे मात्र आता उघडे. मला पाहून त्यांनी घड्याळ पुढे केले.

"चालू हाय ना, सर?"

मी ते कानाशी धरले. टिकटिक स्पष्ट होती. मी होकार दिला. त्यांनी तारीख घातली आणि पुढे शून्य लिहिले. माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न त्यांनी वाचला असावा.

"शून्य बी आकडाच हाय. नाई लिवला तं दिवस कोरा रायते."

वैशालीने यंत्र सुरू केले. बाईंनी झाकणावर तळहात ठेवला. क्षणभरात त्यांच्या कपाळावर आठी उमटली. "जड-हलकं झालं. बंद कर." आम्हा दोघांनाही आवाजात काही वेगळे जाणवले नव्हते. झाकण उघडले. एका नळीत चार थेंब कमी होते.

थेंब भरून यंत्र पुन्हा लागले. वैशाली दुसऱ्या दिवसाची पेटी तयार करू लागली. पाण्याच्या पिशव्या रचून झाल्यावर तिने जाड पेन काढले आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहायला घेतले: 'बर्फ टाकू न'. एवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. आवाज आम्हाला ऐकू आला. बाईंना खिडकीतून बादली दिसली.

त्या झटकन उठल्या. अंगठा तोंडात ओला करून, शाई वाळायच्या आत, त्यांनी ती अक्षरे घासून पुसली.

"तोंडानं सांगत जाजो सगळ्यायले," त्या वैशालीला म्हणाल्या. "लिवू नको. दादाले वाचता येते."